अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाची हार्डडिस्क

बाळासो चौगले यांचं वय एकसष्ट. बँकेत छत्तीस वर्षं क्लार्क होते, पण त्याबद्दल त्यांना कोणी काही विचारत नाही. कमानवेस तालमीच्या कट्ट्यावर त्यांना जो मान आहे तो एका गोलमुळे आहे, आणि तो गोल त्यांनी मारलेला नाही.

२०१२ साली तालमींच्या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कमानवेसच्या सम्राटनं अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला चिंचबोळ तालमीवर गोल केला. कमानवेस म्हणते, डोक्यानं. चिंचबोळ म्हणते, हातानं. दोन पेठांमधलं अंतर चालत चार मिनिटं. या प्रश्नावरून आजवर दोन सोयरिकी मोडल्या आहेत आणि एक गणपती मिरवणूक पावणेदोन तास अडली आहे. बाळासोंनी तो सामना जावयाच्या हँडीकॅमवर टिपला होता. "व्हिडिओ हाय माझ्याकडं," एवढं ते म्हणाले की कट्ट्यावरचा वाद संपे. व्हिडिओ बघायला कोणी मागितला नाही. बाळासोंचा शब्द पुरेसा होता. त्यांनी स्वतः तो एकदाच, सामना संपल्या संपल्या, कॅमेऱ्याच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर पाहिला होता, तोही नाचता नाचता. मग तो लॅपटॉपमध्ये गेला आणि तिथंच राहिला.

यंदा तालमीनं ठरवलं की वर्धापनदिनाला, रविवारी, चौकात मोठा पडदा लावायचा, चिंचबोळला रीतसर निमंत्रण द्यायचं आणि गोल दाखवायचा. फलक लागले. फलकावर सम्राटपेक्षा बाळासोंचा फोटो मोठा होता.

सोमवारी बाळासोंनी लॅपटॉप उघडला. पडदा काळा. आतून घड्याळासारखी टिकटिक. त्यांनी तो बंद करून चालू केला. मंगळवारपर्यंत असं एकोणीस वेळा केलं.

कमानवेसमध्ये दुरुस्तीचं दुकान आहे, पण ते सम्राटच्या मेव्हण्याचं. तिथं लॅपटॉप नेला असता तर चहा यायच्या आत बातमी कट्ट्यावर पोचली असती. तेव्हा बाळासोंनी असा विचार केला की ज्या पेठेत आपल्याशी कोणी बोलत नाही, तिथंच गुपित राहील. लॅपटॉपच्या झाकणावरचा तालमीचा स्टिकर त्यांनी सुरीनं खरवडून काढला, लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला आणि ते चिंचबोळात शशिधरच्या दुकानात शिरले.

शशिधर गडहिंग्लजच्या पलीकडचा. घरी कन्नड, दुकानात मराठी. भाडं परवडलं म्हणून तो चिंचबोळात आला. फुटबॉलबद्दल त्याला एवढंच ठाऊक होतं की सामना असला की शटर अर्धं खाली ओढायचं.

त्यानं लॅपटॉप कानाला लावला.

"किती वेळा चालू करून बघितला?"

"दोन-तीन."

"खरं सांगा, काका."

"एकोणीस."

"पाय मोडलेल्या माणसाला पळवून बघता काय तुमी? आता हात लावू नका."

त्यानं मागचे स्क्रू काढले, डिस्क बाहेर घेतली. आधी तिला जोडणारी केबलची पट्टी बदलून पाहिली, कारण कधी कधी दोष नुसत्या पट्टीत असतो. टिकटिक कायम. मग डिस्क आपल्या मशीनला जोडली. ती एकदा दिसे, एकदा नाहीशी होई.

"डिस्कच चाललीय. जेवढा भाग धड हाय तेवढा आधी उतरवून घेतो. खराब भाग शेवटी. घाई केली तर सगळंच जाईल. काय पायजे तुमास्नी यातलं?"

"एकच फाईल. सामन्याची."

"बाकीचं?"

"बाकीचं पोरीच्या लग्नाचं हाय. ऱ्हायलं तर ऱ्हायलं."

तीन दिवस बाळासो सकाळ-संध्याकाळ दुकानात बसून होते. टक्केवारी चढत होती. पोरीचं लग्न बुधवारीच सुखरूप आलं. सामना खराब भागात होता. दरम्यान शशिधरनं लॅपटॉपमध्ये जुन्या डिस्कच्या जागी नवी, वेगवान एसएसडी डिस्क बसवली. ती लॅपटॉपला ओळखू येईना, तेव्हा त्यानं सेटिंगमध्ये जाऊन ती सुरुवातीची डिस्क म्हणून नेमून दिली. तेरा वर्षांचं यंत्र पंधरा सेकंदांत सुरू झालं. बाळासोंनी त्याकडं पाहिलंही नाही.

शुक्रवारी दुपारी फाईल उघडली. मध्ये मध्ये चित्र फाटत होतं, पण अठ्ठ्याहत्तरावं मिनिट स्वच्छ होतं. कॉर्नरवरून चेंडू आला. सम्राट उडाला. शशिधरनं चित्र थांबवलं, मोठं केलं, आणि अगदी निरागसपणे विचारलं,

"काका, ह्या खेळात हात चालतोय काय?"

बाळासोंनी पडद्याजवळ तोंड नेऊन पाहिलं. मग म्हणाले, "हे परत त्या खराब भागात घालता येतंय का?"

"न्हाय."

"मग आलंच न्हाय म्हणून सांगतो मी."

"सांगा. पण माझ्या दुकानाचं नाव घेऊ नका. बाहेर बोर्डावर लिवलंय, गेलेला डेटा परत मिळेल."

रविवारी चौक भरला. चिंचबोळचे लोक पुढच्या खुर्च्यांवर होते. बाळासो स्टेजवर चढले आणि म्हणाले, "हार्डडिस्क गेली. काय उरलं न्हाय." चिंचबोळनं शिट्ट्या मारल्या. खालून कोणीतरी ओरडलं, "दुरुस्तीला कुठं दिलता?" एका संध्याकाळी दोनदा खोटं बोलायची बाळासोंना सवय नव्हती.

"चिंचबोळात," ते म्हणाले.

पुढं समजावून सांगायची गरज राहिली नाही. पुरावा नष्ट केला गेला होता. दीडशे माणसं शशिधरच्या दुकानासमोर जमली. सगळ्यात पुढं सम्राट, आता छत्तीस वर्षांचा, व्यायामशाळा चालवणारा. सगळ्यात मागं बाळासो.

"किती घेतलंस रं चिंचबोळकडनं? आमचा गोल पुसायला?"

शशिधर हेडफोन लावून बसला होता. त्यानं ते काढले, गर्दी पाहिली, बोर्डाकडं पाहिलं.

"पावणं, काय बी पुसलं न्हाय. माझ्याकडनं गेलेल्या प्रत्येक कामाची कॉपी आठ दिवस माझ्या मशीनवर असती. तुमचा गोल हितं हाय. लावू काय? पडदा बाहेर वळवतो."

पुढची माणसं सम्राटकडं बघू लागली. मागून कोणीतरी उत्साहानं "लाव की!" म्हणालं. ते चिंचबोळचं होतं.

सम्राटनं शशिधरच्या हाताकडं पाहिलं. तो माऊसवर होता.

"नको," सम्राट म्हणाला. "मशीनचं काय खरं असतंय? आजकाल काय बी बनवून दाखवत्यात. कमानवेसला पुराव्याची गरज न्हाय. चला रं."

दीडशे माणसं मानानं परत फिरली. गोल मारणाऱ्यानंच नाकारलेला पुरावा हा साध्या पुराव्यापेक्षा वरचा असतो, असं त्या संध्याकाळी कट्ट्यावर ठरलं.

बाळासो गेले नाहीत. दुकान रिकामं झाल्यावर ते आत येऊन स्टुलावर बसले.

"तेवढी कॉपी पुसा."

"पुसतो."

"थांबा. पुसायच्या आधी एकदा लावा की."

शशिधरनं लावलं. कॉर्नर, चेंडू, सम्राट.

"खांदा वाटतोय," बाळासो म्हणाले.

"हात हाय, काका."

"परत लावा. सावकाश."

शशिधरनं पुन्हा लावलं. बाळासोंनी चष्मा पुसला, मग काढूनच ठेवला. तिसऱ्या वेळेला तो खांदा असल्याची त्यांची बऱ्यापैकी खात्री पटली, आणि त्यांनी पुसायला सांगितलं.