बारा एमबीची फिल्म

"चार मिनिटं चाची, फार तर पाच," मी म्हणालो. खिडकीतून वाकून खाली ॲम्ब्युलन्सवाल्यालाही चार बोटं दाखवली. त्याने इंजिन बंद केलं.

गणित चुकलं होतं.

दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. मी पनवेलला एका इंटरनेट कंपनीत इंजिनिअर होतो. म्हणजे घरोघरी जाऊन मोडेम लावायचो आणि निघताना थोडं ज्ञान पाजळायचो. हमीदचाचांचं कनेक्शन मीच लावलेलं. त्यांचा एकुलता एक आसिफ दोहाला नोकरीला. झुबेदाचाचींचं हृदयाचं दुखणं बळावलं आणि त्यांना मुंबईला हलवायचं ठरलं. आसिफला लगेच सुट्टी मिळेना. त्याने कॅमेऱ्यासमोर बसून अम्मीसाठी छोटी फिल्म केली, एका साइटवर चढवली आणि लिंक पाठवली. चाचांनी मला बोलावून घेतलं.

"सावंत, निघायच्या आधी तिला पोराचं तोंड दाखव. बाकी काय नको."

फिल्म बारा एमबीची. लाइन एकोणपन्नास केबीपीएसची. मी मनातल्या मनात बारा हजारांना एकोणपन्नासने भागलं आणि चार मिनिटं सांगून मोकळा झालो. आता फाइल मोजतात बाइटमध्ये आणि लाइनचा वेग मोजतात बिटमध्ये. एका बाइटात आठ बिट. म्हणजे आलेल्या उत्तराला आठाने गुणायचं असतं. कंपनीत नव्या माणसांना हे शिकवायचं काम माझ्याकडेच होतं.

स्क्रीनवर आकडा आला, तेहेतीस मिनिटं. तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

"हे काय दाखवतंय?" चाचा.

"सुरुवातीला असंच दाखवतं. येईल खाली," मी म्हणालो.

चाची शाल गुंडाळून कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसल्या होत्या. बोलताना धाप लागत होती. "बारीक झालाय का तेवढं बघायचंय," त्या म्हणाल्या. "फोनवर विचारलं की जाडा झालो म्हणतो. खोटारडा."

चौदा मिनिटं झाली. ड्रायव्हर वर आला. "साहेब, कळंबोलीला ट्रक लागले तर मी काय पंख लावू?"

चाचा माझ्याकडे बघत होते आणि मी आकड्याकडे. शेवटी चाचीच म्हणाल्या, "राहू दे बेटा. आल्यावर बघीन." त्यांना खुर्चीसकट खाली नेलं. चाचा सोबत गेले.

मी मागे थांबलो. फिल्म सीडीवर घालून हॉस्पिटलला पोचवीन म्हटलं. ती पूर्ण उतरली, मी नेट बंद केलं, आणि त्याच क्षणी फोन वाजला.

आसिफ होता. मी माझं नाव सांगितलं. "अर्धा तास लावतोय. नुसता एंगेज. अम्मीला द्या."

डायलअप म्हणजे टेलिफोनच्या तारेवरूनच नेट. नेट चालू असेल तर बाहेरून फोन लागत नाही. घरात मोबाइल नव्हता. माझा होता, पण तो नंबर आसिफकडे कुठून असणार? मी तेहेतीस मिनिटं सांगितली असती तर चाचा म्हणाले असते, राहू दे ते नेट. आणि फोन वाजला असता.

"अम्मी गेल्या मुंबईला," मी म्हणालो. "फिल्म नाही बघता आली. लाइन स्लो होती."

तो म्हणाला, "माझंच चुकलं. एवढी मोठी करायला नको होती."

मी "हं" म्हणालो.

मी सीडी घेऊन पोचलो तोवर चाचींना मशीनवर ठेवलं होतं, त्या शुद्धीवर नव्हत्या. दोन दिवसांनी त्या गेल्या. आसिफ दफनाच्या दुसऱ्या दिवशी पोचला. त्या उशिराने तब्येतीत काही फरक पडला नसता, असं डॉक्टर चाचांना म्हणाले. ते वाक्य मी अजून धरून आहे.

बारा वर्षांनी आमच्या कंपनीने चाचांच्या गल्लीत फायबर टाकलं. मी तोवर सुपरवायझर झालो होतो, रोडपालीच्या ऑफिसात बसायचो. यादीत चाचांचं नाव दिसलं म्हणून स्वतः गेलो. शंभर एमबीपीएसची लाइन चालू करून दिली.

"ती फिल्म यावर किती वेळात आली असती?" चाचांनी विचारलं.

या वेळी मी कागद घेतला. बारा गुणिले आठ, शहाण्णव. "एका सेकंदात, चाचा."

"आणि फोन?"

"फोन चालूच राहतो."

त्यांनी मान हलवली. "आसिफ अजून म्हणतो. अब्बा, एक मिनिटाचीच केली असती तर अम्मीने बघितली असती."

तेव्हा मी सगळं सांगितलं. आठाचा गुणाकार, फोन, ते "हं". चाचा रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मला काय सांगतोस? त्याला सांग." आणि नव्या लाइनवरून व्हिडिओ कॉल लावून मोबाइल माझ्या हातात दिला.

आसिफची दाढी पिकली होती. मी पुन्हा सगळं सांगितलं. तो हललाच नाही. मला वाटलं चित्र अडकलं. पण त्याच्या मागचा पंखा फिरत होता.

"अब्बांना द्या," एवढंच तो म्हणाला.

या धंद्यात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. वेळ सांगण्याआधी आठाने गुणायचं, आणि चुकलं तर त्याच दिवशी कबूल करायचं. ट्रेनिंगमध्ये फक्त पहिली शिकवतात.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. ती भाजी निवडायची थांबली.

"मला तरी तेव्हा सांगायचंत," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी हाताला धरून चाचांकडे नेलं असतं तुम्हाला."