आवडाकाकींचा बर्फ

आवडाकाकी कोणाच्याही घरी गेल्या की आधी चिडायच्या, मग बसायच्या. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या विकायच्या मासळीची पाटी घेऊन. पाटी पायरीवर ठेवली, तरातरा आत आल्या आणि खिडकीतल्या फिशटँकमध्ये त्यांनी हाताची मागची बाजू बुडवली, पोराचा ताप बघावा तशी.

"मास्तरांनू, ह्या पाणी आंघोळीक तापवलात काय? कालवणच करूचा तर मसालो तरी घाला."

मी मालवणात शाळामास्तर. टाकीतले चार गोल्डफिश माझ्या मुलीचे, रसिकाचे. पुण्याला शिकायला जाताना ती ते माझ्या स्वाधीन करून गेली होती. फोनवर आधी त्यांची चौकशी, मग माझी. आणि मे महिन्यात इथे माणसंच धड जगत नाहीत, तिथे त्या मुठीएवढ्या जिवांचं काय!

काकींनी ताबडतोब टाकी खिडकीतून हलवायला लावली. झाकणातला दिवा "ह्यो काय लग्नाचो मांडव?" म्हणत बंद केला. झाकण काढलं, पाण्यावर टेबलफॅन सोडला, जुना पंचा भिजवून काचेभोवती गुंडाळला. "माठाक करतत तसाच. येवढा शिकलात आनि ह्या समाजणा नाय?" रोज मासे विकून परतताना त्या डोकावायच्या. पंचा सुकलेला दिसला की माझा उद्धार व्हायचा. मला ते आवडायचं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट मी सांगितली नाही. फारच उकडलं तर बंद बाटलीत पाणी गोठवून ती थोडा वेळ तरंगत ठेवायची, बर्फ मात्र थेट पाण्यात कधीच टाकायचा नाही, असं मासे विकत घेताना दुकानदाराने मला बजावलं होतं. पण जन्मभर मासे हाताळलेल्या बाईला माशांबद्दल मी काय सांगणार?

गेल्या वर्षी मे महिन्यात पेपर तपासायला मला कुडाळला जावं लागलं. किल्ली काकींना दिली आणि म्हटलं, "पाणी गार ठेवा, बस्स." दहा वाजता लाईट गेली. पंखा बंद पडला, मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. काकी भर उन्हात जेटीवर धावल्या, मासळीच्या खोक्यातला खारट चुरा बर्फ टोपलीभर आणला आणि टाकीत ओतला. मी चारला परतलो तेव्हा मिठाच्या, गढूळ पाण्यात चारही मासे उलटे तरंगत होते. काकी बाजूला जमिनीवर बसल्या होत्या.

माझं डोकं फिरलं. आमचं एरवीचं बोलणं मालवणीत. त्या दिवशी मी वर्गात ओरडतो तसल्या शुद्ध मराठीत ओरडलो. "तुम्हाला फक्त मेलेले मासे कळतात. जिवंत माशाला हात लावायची तुमची लायकी नाही."

साऱ्या बाजाराला पुरून उरणारी ती बाई उठली, पदराला हात पुसले. "बर्फान मासो टिकता, येवढाच माका म्हायत," म्हणाली आणि किल्ली ठेवून गेली.

दोन दिवसांनी दुपारी पायरीवर फडक्यात गुंडाळलेली बाटली दिसली. आत गोठलेलं पाणी. म्हणजे दुकानदाराला विचारून आल्या होत्या. मग रोज दुपारी बाटली यायची. मी आतून बघायचो आणि दार उघडायचो नाही. बर्फ तिथेच वितळायचा, संध्याकाळी त्या बाटली घेऊन जायच्या. पाऊस लागेपर्यंत हे चाललं. एवढा कसला माज होता मला, कोण जाणे.

चतुर्थीच्या आधी काकी अचानक गेल्या. दिवसकार्य झाल्यावर त्यांची सून दोन बाटल्या घेऊन आली. "ह्यो फ्रीजात होत्यो. आये म्हणायची, मास्तर परत मासे आणतले, तेवा लागतले."

ती गेल्यावर पडवीत उपडी घातलेली टाकी मी आत आणली, धुतली, भरली. एक बाटली पाण्यात सोडली. मासे नव्हतेच. तरी पंचा भिजवून काचेभोवती गुंडाळला आणि मधूनमधून हाताची मागची बाजू बुडवून बघत बसलो. पाणी हवं तसं गार झालं. तेव्हा मला स्वतःची शिसारी आली.

लाईट गेली म्हणून मासे मेले, असं मी रसिकाला सांगितलं होतं. त्या संध्याकाळी तिला फोन लावला आणि म्हटलं, "माझ्यामुळे मेले."