वाकलेली पाती

बोट सुरू केली की बोटवाले मामा पुढे बघायचेच नाहीत. मान वळवून आधी मागे बघायचे. नवा साहेब बसलेला असला तर तो घाबरून काठ घट्ट धरायचा. मामांचं लक्ष मात्र मागच्या धुराकडे असायचं. आमच्या धरणावरच्या त्या बोटीचं इंजिन गोदावरीचंच पाणी ओढून थंड व्हायचं आणि तेच पाणी धुरासोबत मागे फेकायचं. मागे पाणी पडलं म्हणजे इंजिनाची तब्येत ठणठणीत. "गंगेचं पानी पिऊन राहिलंय तवर भ्या न्हाई," असं म्हणून मगच ते तोंड पुढे करायचे.

मी नांदेडला त्याच धरणाच्या कचेरीत लिपिक होते. खिडकीतून घाट दिसायचा, त्यामुळे फायलींपेक्षा मामाच जास्त पाहिले. गाळ आणि जलपर्णी हे त्यांचे जन्माचे वैरी. प्रत्येक फेरीनंतर ते पाणी ओढणाऱ्या नळीची जाळी काढून स्वतः धुवायचे. काठावर ओढलेली बोट कुणी नुसती चालू करून बघू म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "कोरड्या घशानं तुमी भाकर गिळता का?" पाणी ओढणाऱ्या पंपात मुठीत मावेल एवढा रबरी पंखा असतो. तो कोरडा फिरला की जळतो, हे मला त्यांच्यामुळेच कळलं.

बोट बरेच दिवस उभी राहणार असली की ते तो पंखा काढून, पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवत. चांगला आहे तर काढता कशाला, असं मी एकदा विचारलं.

"पंपात पाती दाबून बसत्यात, बाई. रोज फिरलं तर काय न्हाई. पन लई दिस एकाच अंगाला वाकून राहिलं की रबर तसंच ऱ्हातं. मग पानी उचलत न्हाई."

लातूरचा भूकंप झाला त्या रात्री मामा गणपती विसर्जनाच्या बंदोबस्ताला बोटीवर होते. मिरवणूक बघायची म्हणून त्यांची लहानगी सुनीता हट्टाने सोबत आली होती, म्हणून ती वाचली. औशापलीकडच्या गावात मामांची आई आणि बायको मातीच्या माळवदाखाली गाडल्या गेल्या. त्यानंतर मामांनी छताखाली पाठ टेकली नाही. त्यांच्या क्वार्टरला चांगला सिमेंटचा स्लॅब होता, पण तिथे फक्त स्वयंपाक व्हायचा. सुनीतासाठी अंगणात पत्र्याची खोली उभी केली आणि स्वतः बोटीत वळकटी टाकली. "पानी रोजच हलतंय," म्हणायचे, "ते फसवत न्हाई."

सुनीता हुशार निघाली. दहावी झाली तेव्हा जो तो आपलं पोर लातूरला शिकवणीला धाडत होता. तिच्या मास्तरांनीही तेच सुचवलं, आणि तिला तर जायचंच होतं. पण राहायचं तीन मजली वसतिगृहात, तेही लातुरात.  मामा धुतलेली जाळी पुन्हा पुन्हा धुवायचे. पोरीचं शिक्षण इथेच संपलं, असं मी मनाशी धरून चालले होते, आणि मला मामांचा राग येत होता.

मग एक दिवस ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "बाई, तुमी संगं चला. पोरींच्या होस्टेलात बाईमानूस लागतं."

तिची खोली मधल्या मजल्यावर होती. मामा दारातच थांबले आणि वर स्लॅबकडे बघत राहिले. सुनीताने गादी अंथरली, उशी ठेवली. बापाकडे न बघताच म्हणाली, "भ्या मला बी हाय, आबा. पन मी निजते."

त्याच संध्याकाळी आम्ही नांदेडला परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर गेले तर बोटीत वळकटी नव्हती.  तेवढ्यात क्वार्टरचं दार उघडून मामा बाहेर आले. डोळे लालभडक, झोपेचा पत्ता नव्हता.

"पोरगी स्लॅबखाली निजली," ते म्हणाले. "म्या आभाळाखाली कसा निजू?" मग जाळी घेऊन पाण्याशी बसले. ती घासता घासता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "लई दिस एकाच अंगाला वाकून राहिलो, बाई."

त्यानंतर ते रोज आतच झोपायचे. सुरुवातीला दार उघडं टाकून, पुढे पुढे लावूनही.

मामा गेले ते झोपेतच. सुनीता तोवर नोकरीला लागली होती. निरोप मिळताच ती आली, तोपर्यंत आम्ही त्यांना अंगणात आणून ठेवलं होतं. तिने बापाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "मावशी, कुठं निजले होते?"

"घरात," मी म्हणाले.

मग ती रडली.