अप्पांचा तिसरा पर्याय

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, गुरुबसप्पांचं आडत दुकान आहे. शेतकऱ्यांचा माल तिथं उतरतो, सौदा होतो, अप्पांना त्यावर आडत, म्हणजे दलाली, मिळते. पण माल नसला तरी माणसं येतात, कारण अप्पांकडं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं. पाऊस कधी पडेल, गुडघ्याला काय चोळावं, देगलूरची गाडी कुठं थांबते, जळकोटच्या पाहुण्यांचा मुलगा वागायला कसा आहे, काहीही विचारा. उत्तर बरोबर निघेलच असं नाही, पण मिळेल नक्की. ‘माहीत नाही’ म्हणणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला पाणी न विचारणं, असं या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानत आलेत.

लेक अक्षरा इंजिनिअर झाली आणि तिनं पुण्याच्या एका कन्सल्टिंग कंपनीत अर्ज केला.

“म्हंजी काम काय गं?”

“दुसऱ्याच्या धंद्याला सल्ला द्यायचा, अप्पा.”

“आन त्याचे पैसे देतेत?” आजवर सगळ्या मोंढ्यानं आपल्याला लुटलं, अशा नजरेनं अप्पांनी दुकानाबाहेर पाहिलं.

आधी ऑनलाइन चाचणी होती. त्यात अडकलं की वर्षभर पुन्हा अर्ज करायची सोय नाही, आणि अक्षराच्या मनात तर हीच एक कंपनी बसलेली. आकडेमोड, तक्ते, आकृत्या ती सुपारी फोडल्यासारखी फोडायची. घोडं अडलं ते उताऱ्यांपाशी. छोटा उतारा वाचायचा, खालचं विधान पाहायचं आणि तीनपैकी एक पर्याय निवडायचा: बरोबर, चूक, सांगता येत नाही. सरावात हा तिसरा पर्याय तिच्या हातून काही केल्या निवडला जाईना.

एका रविवारी अप्पाही लॅपटॉपसमोर बसले. उतारा होता: एका कंपनीनं पुण्यात आणि नागपुरात दुकानं काढली, पुण्यातली विक्री वाढली. विधान होतं: नागपुरातलीही वाढली.

“बरोबर,” अक्षरा म्हणाली. “एकाच कंपनीचा माल की.”

“साफ चूक! नागपुरात उन्हाळ्यात माणूस घराबाहीर पडतो का? कोण घील?”

पडद्यावर उत्तर आलं: सांगता येत नाही.

“सांगता येत न्हाई तर इचारता कशाला?” अप्पा लॅपटॉपवर भडकले.

“उताऱ्यात नागपूरच्या विक्रीचं काही दिलंच नाही, अप्पा. दिलं तेवढंच धरायचं. मला कळतंय, पण बोट थांबत नाही.”

अक्षराची आई उमाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “बोट कसं थांबंल? रगात कुणाचं हाय!”

ते अप्पांना लागलं. चाचणी गुरुवारी होती. तोवर घरात ज्याला जे माहीत नसेल त्यानं तसं सरळ सांगायचं, असा त्यांनी हुकूम काढला. “पोरीला सवय लागाया पायजे. मीबी पाळतो. दुकानातबी.”

सोमवारी मोंढ्यात जे झालं ते त्यामुळंच. शेतकरी दगडोबा तुरीची पोती घेऊन आला आणि त्यानं नेहमीसारखं विचारलं, “अप्पा, इकू का ठिवू? भाव वाढंल का?”

अप्पांनी कपाळावरचा घाम पुसला. मोठ्या कष्टानं ते म्हणाले, “सांगता येत न्हाई.”

दगडोबानं त्यांच्याकडं नीट निरखून पाहिलं. जन्मात न ऐकलेलं वाक्य! “आस्सं,” तो हळूच म्हणाला आणि पोती उचलून परत टेम्पोत टाकायला लागला. चहाच्या टपरीपर्यंत बातमी पोचली: अप्पांना कायतरी आतली खबर हाय, सांगंनात. दुपारपर्यंत कुणी तूर विकेना.

संध्याकाळी शेजारचे आडते वीरण्णा तणतणत आले. “अप्पा, तोंड उघडा! वाढंल म्हणा, पडंल म्हणा, कायबी म्हणा. मोंढा बसवून ठिवलाव तुमी!”

“बिस्तरवारी म्हणतो,” अप्पांनी गुरुवारचा वायदा केला.

“तवर धंदा?”

“पोरीची परीक्षा हाय,” अप्पा म्हणाले. तुरीचा आणि परीक्षेचा संबंध काय, हे वीरण्णांना अजून कळलेलं नाही.

अक्षरानं हे सगळं उमाबाईंकडून ऐकलं. बाप घाम पुसत तीनतीनदा तोंड उघडतो आणि मिटतो, हे दुकानात जाऊन तिनं डोळ्यांनी पाहिलं. रात्री जेवताना ती हसली नाही. ताक प्याली आणि पुन्हा सरावाला बसली.

गुरुवारी चाचणीत असाच एक उतारा आला. बोट ‘बरोबर’वर गेलंही होतं. मग घाम पुसणारे अप्पा तिला दिसले. तिनं बोट मागं घेतलं, उतारा पहिल्यापासून वाचला आणि तिसरा पर्याय निवडला.

पुढच्या आठवड्यात ती धावतच दुकानात आली. “अप्पा, चाचणी पास झाले! सोमवारी मुलाखत, पुण्याला.”

अप्पांनी चालू वजन थांबवलं. हमाल काट्यावर पोतं धरून तसाच उभा. त्यांनी भिंतीवरच्या आरशात टोपी सारखी केली, जणू बोलावणं त्यांनाच आलंय.

“चल, ट्रॅव्हल्सवाल्याकडं जाऊ. बसलिंगप्पा वळखीचा हाय. दोन शिटा फुडच्या घिऊ, मागं धक्के बसतेत.”

“एकच सीट, अप्पा. मी एकटी जाते.”

अप्पांचा एक पाय चपलेत होता, दुसरा अजून बाहेर. मोंढ्यातली सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

“एकच घिऊ,” ते म्हणाले आणि दुसरी चप्पल चढवली. “पर खिडकीची. बसलिंगप्पा देतो का न्हाई, बघतोच मी.”