तिरफळाच्या बिया

आमच्या साखरशेत गावात वाटणात जे पडतं ते बियांसकट, देठासकट वाटलं जातं. खुरासणीच्या चटणीवर वाढलेल्या माणसाला निवडत बसायची सवय नसते. माझ्या बाजूने बोलायचं तर एवढंच.

सासूबाई मालवणहून मोखाड्याला आमच्याकडे आल्या होत्या. माझ्या बायकोला त्यांच्या गावाजवळच्या शाळेत बदली मिळत होती, आणि ती घे म्हणून लेकीला सांगायलाच त्या आल्या होत्या. 'थंय तिच्या तोंडाक चव खंयची?' हा त्यांचा फोनवरचा मुद्दा. म्हणून शनिवारी बायको सकाळच्या शाळेला गेली तसा मी जीपने जव्हार गाठलं, बांगडे आणले आणि सासूबाईंनीच मागे पाठवलेली तिरफळं काढली. लिंबाच्या सालीसारखा वास. खोबरं-मिरचीबरोबर मूठभर मिक्सरात घातली.

कालवण उकळेपर्यंत मी ओट्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होतो. चव बघितली. मीठ कमी. घातलं. पुन्हा बघितली, तरी कमीच. पुन्हा घातलं. ओठांना मुंग्या आल्या होत्या, पण त्या काळजीने असतील असं वाटलं.

बायको आली, ताटं वाढली. सासूबाईंनी एक घास घेतला आणि चावायचं थांबवलं.

"जावयबापू, तिरफळां खंय दिसनत नाय ती?"

"वाटली," मी म्हणालो. निदान तसं म्हणायला गेलो.

"बियांसकट?"

मी मान हलवली.

"बी काढून टाकूची. साल जराशी ठेचून वरसून सोडूची, आणि जेवताना ताटाच्या कडेक काढूची. आणि मीठ कित्याक एवढां?"

"लागतच नव्हतं."

"जीभ बधिर केल्यावर लागेल कसं?" बायको पाणी पीत म्हणाली. "आई, याला एकटं सोडून गेले तर हा महिन्याभरात स्वतःलाच संपवेल."

चेष्टेत म्हणाली की खरं, कळेना. 'म्हणजे बदली नाही ना घेत?' असं विचारायला गेलो, तर तोंडातून नुसता भपभप आवाज निघाला. सासूबाईंनी ताट सारलं, हात धुतले आणि उरलेल्या तिरफळांची पुडी माझ्यापुढे ठेवली.

"बियो काढा. सांजच्याक मी करतंय. बाकीचा मगे बघू."

मी काढत बसलो. बिया काळ्याभोर, गुळगुळीत, बोटांतून निसटून कॉटखाली जायच्या. आत दोघी हळू आवाजात बोलत होत्या. मीठ ऐकू आलं, बांगडा ऐकू आला, माझं नाव दोनदा ऐकू आलं. बदलीचं काय ठरलं, तेवढंच ऐकू येईना.