आधीच दिलेली साक्ष

चर्चच्या भरल्या मंडळीत बाईंनी मला उभं केलं. पोरीला माती देऊन बाराच दिवस झाले हुते. म्हनल्या, "सांग सगळ्यांना, माझा विश्वास कमी पडला म्हणून मुलगी गेली. मगच तुला प्रभुभोजनाची भाकर मिळेल."

बाई म्हंजे रिटायर हेडमास्तरीण, तीन पिढ्यांचं मिशनचं घर. पाळकसुद्धा त्यांना इचारून गीतं निवडायचा. आमी पाथर्डीकडचे. ऊसतोडीला आलो आन संगमनेरच्या बाजूलाच राहिलो. मी चर्च झाडायची, बाईंची भांडी घासायची. नाव ठाऊक असून त्या मला 'ए तोडणीवाली' म्हनायच्या. तरी मला वाटायचं, प्रभूच्या घरात समदी सारखी. येडी मी.

पोरगी आठ वर्षांची. जन्मापासून काळजाला भोक. चार पावलं पळली की ओठ निळे पडायचे. लई खेटे घातल्यावर पुण्याला ऑपरेशनची तारीख मिळाली. मी खुशीत बाईंना सांगाया गेले, तर त्या म्हनल्या, आधी साक्ष दे. आमच्यात प्रार्थना ऐकली गेली की उभं राहून साक्ष द्यायची, देवानं काय दिलं ते सांगायची रीत हाय. पन बाईंचं म्हननं, खरा विश्वासवाला आधीच देतो. पोरगी बरी झाली असं मंडळीसमोर म्हन, म्हंजे होतेच.

मी म्हनले. पोरीला शेजारी उभं करून म्हनले. टाळ्या वाजल्या. पोरगी लाजून हसली. मग बाईंनी बजावलं, आता ऑपरेशनला गेलीस तर प्रभूला खोटं पाडलंस. तारखेच्या दिवशी सकाळपासून मी गुडघ्यावर. पुण्याची एसटी निघून गेली. आमी न्हाई गेलो.

दीड महिन्यानं, भर दुपारी, पोरगी माझ्या मांडीवर गेली. जायच्या आधी तिनं इचारलं, "आई, मी बरी झाले ना?" मी व्हय म्हनले.

आन आता मंडळीसमोर बाई मलाच विश्वास कमी पडला म्हनाया लावत हुत्या. पाळक खाली बघत हुता. मला वाटलं, मागावी माफी, घ्यावी ती भाकर. तिच्याबिगर मी कोन? मग पोरीचे ओठ डोळ्यांपुढं आले. माझं डोकंच फिरलं.

मी म्हनले, "बाई, माझा विश्वास कमी न्हवता. लई हुता. म्हनून ती मेली. ती चूक माझी, मरस्तवर वागवीन. पन साक्षच पायजे तर ही घ्या. मी मागितलं आन देवानं दिलं न्हाई."

बाई म्हनल्या, बस खाली. मी न्हाई बसले.

त्या दिसापासून मला प्रभुभोजन बंद हाय. भांडी मीच सोडली. मंडळीत कुनाचं लेकरू आजारी पडलं की मी त्याच्या आईकडं जाते. म्हनते, प्रार्थना कर, पन आधी दवाखान्यात चल, मी संगं येते. देवाला मी अजून इचारते, का? त्यो बोलत न्हाई. न बोलू दे. पन त्याच्या बदली दुसऱ्या कुनाला मी उत्तर देऊ देनार न्हाई.