शिसं म्हातारं होत नाही

ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत ताडकळसच्या बाजारात जुन्या बॅटऱ्या नव्या करून देणारा एक बॅटरीवाला बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

बहिणीच्या लग्नात लाउडस्पीकर लावीन, असं मी गावभर सांगून बसलो होतो. विजेचा भरवसा नव्हता आणि कर्ण्याची माझी बॅटरी मेलेली. ती नवी करून आणायला निघालो. सायकलवर ओझं नको म्हणून आतल्या कुजक्या प्लेटी उकिरड्यावर टाकल्या अन् खोकं धुऊनपुसून नेलं. मला वाटलं, माणूस खूष होईल.

त्यानं आत डोकावून पाहिलं. “नवरदेव उकिरड्यात टाकून नुसतं घोडं घेऊन आलाव का, मालक? नवी बॅटरी कशाची करू? त्या प्लेटीचं शिसं आणा जावा!”

उकिरडा उकरून मी पोतं भरून आणलं. त्यानं शिसं कढईत वितळवलं, वरची मळी काढली आणि साच्यात ओतलं. प्लेटीची प्रत्येक जाळी तो उन्हात धरून बघायचा. केसाएवढी चीर दिसली, तरी परत कढईत.

“माझ्या बापानं वितळवलेलं शिसंबी असंच फिरायलंय कुठंतरी,” तो म्हणाला. “खोकं म्हातारं होतंय, शिसं न्हाई.”

लग्नाला तो बिनबोलावता आला. मंगलाष्टकं पार शिवेपर्यंत ऐकू गेली. एक पाहुणा मला म्हणाला, “लय खणखणीत आवाज हाय तुमच्या कर्ण्याचा!”

मी छाती फुगवली, तोच बॅटरीवर तळहात ठेवून उभा असलेला तो म्हणाला, “कर्णा त्यांचा हाय. आवाज माझा.”

मी त्याचं पान मानाच्या पंगतीत मांडायला लावलं.